तेरा सिटांच्या चार गाड्या

1987 साली एसटीत वाहक म्हणून लागलो, तोवर मी पत्त्यांना हात लावला नव्हता. वडील माळकरी. घरात पत्त्याचं पान दिसलं तर चुलीत जाईल, असं ते एकदाच म्हणाले होते आणि आम्हा भावंडांना ते पुरलं होतं. गावच्या पारावर दुपारी डाव पडायचा, तिथून जाताना मी मान वळवून जायचो. तेवीस वर्षांचा झालो तरी किलवर कुठलं आणि इस्पिक कुठलं, हे मला सांगता आलं नसतं.

नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात. तिसऱ्या महिन्यात मुक्कामी गाडी मिळाली. संध्याकाळी तालुक्याहून निघायचं, डोंगरातल्या शेवटच्या गावाला रात्री पोहोचायचं, गाडी तिथंच उभी करायची आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, शाळेची पोरं, कोर्टकचेरीची माणसं घेऊन खाली आणायची. गावाच्या तोंडी ती ‘वस्तीची गाडी’. चालक आणि वाहक दोघांनी रात्र गावातच काढायची. डबा खायचा, वेबिल पुरं करायचं, कॅशची बॅग उशाला घेऊन शाळेच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच आडवं व्हायचं. पावसाळ्यात त्या खोऱ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. वीज होती, पण पहिल्या वाऱ्याला जायची ती दोन दिवसांनी यायची.

माझे चालक तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. सगळं आगार त्यांना अण्णा म्हणे. ते मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणाले, कारण आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात, मग तो कालचा पोरगा का असेना. पहिला महिनाभर ‘मास्तर, तुम्ही’ होतं. नंतर मास्तर राहिलं, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. ते कधी झालं हे माझ्या लक्षात राहिलं नाही, पण बरं वाटलं होतं एवढं आठवतं.

त्या गावात रात्री मेंढीकोटाचा डाव बसायचा. शाळेचे गुरुजी, पिठाच्या गिरणीचे मालक, अण्णा आणि गावचा पोस्टमन. पोस्टमनची बदली झाली आणि चौथी जागा रिकामी पडली. तिघांत मेंढीकोट होत नाही. अण्णांनी घोंगडी पसरली, कंदिलाची वात वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मला येत नाही, अण्णा. आणि आमच्या घरी चालत नाही.”

“पैशानं खेळत न्हाई आपण. खेळलोच तर घोंगडी उचलून जा. येत न्हाई म्हंतोस, ते येईल.”

बसलो. वडिलांना हे मी बरीच वर्षं सांगितलं नाही, आणि त्याची टोचणी मला होती.

मेंढीकोट ज्यांनी लहानपणी सुट्टीत खेळलाय त्यांना नियम सांगायला नकोत. तरी मला ते जसे सांगितले गेले तसे लिहितो. चार माणसं, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. वाटताना आधी पाच, मग चार, मग चार. जो रंग उतरला त्याच रंगाचं पान टाकायचं, सगळ्यांत मोठ्या पानाचा हात. खेळ मात्र हातांसाठी नाही, चार दश्श्यांसाठी. त्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन गेल्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, सात ज्यांचे ते जिंकले. चारही मेंढ्या एकाच जोडीने पकडल्या तर समोरच्यांवर कोट. तेराच्या तेरा हात गेले तर बावनपत्ती, आणि त्याची बोलणी गावात महिनाभर चालतात. हरणाऱ्यानं पिसायचं.

आम्ही कट हुकूम खेळायचो. सुरुवातीला हुकूम ठरलेलाच नसतो. उतरलेल्या रंगाचं पान ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतं, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. गुरुजींना बंद हुकूम आवडायचा, त्यात एक पान पालथं ठेवतात आणि गरज पडेल तेव्हा उघडतात. अण्णांचं मत होतं की हुकूम डावातून उगवला पाहिजे. दोघांचं यावर कधीच जमलं नाही. माझं मत आजही अण्णांच्या बाजूचं आहे: कट हुकुमात पहिल्या चार-पाच हातांत चौघेही आपापला छोटा रंग संपवायच्या मागे असतात, आणि त्या शांततेत जे शिकायला मिळतं ते पालथ्या पानात नाही.

पहिली मोठी चूक तिसऱ्या की चौथ्या रात्रीची. अण्णांनी किलवरचा एक्का उतरवला. गिरणीवाल्यांनी दुर्री टाकली. माझ्याकडे किलवरची दोनच पानं, दश्शी आणि तिर्री. मेंढी मोलाची, ती जपायची, एवढंच तेव्हा मला कळत होतं. मी तिर्री टाकली. दोन हातांनंतर गुरुजींनी किलवरचा राजा आणला आणि माझ्याकडे किलवरमध्ये मेंढीच उरली होती. रंग लागत असताना दुसरं पान टाकता येत नाही. मेंढी त्यांच्या घरात गेली.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी डाव संपेपर्यंत काहीच म्हटलं नाही. मग पानं गोळा करताना विचारलं, “मास्तर, मी एक्का कशाला टाकला?”

मी म्हणालो, हात घ्यायला.

“हात घ्याया मला एक्का लागत न्हाई, राजानंबी घेतला आसता कधीतरी. एक्का तुझ्यासाठी टाकला. तुझ्याकडं मेंढी आसंल तर तिला घर पायजे का नको?”

दश्शीच्या डोक्यावर चार पानं असतात: गुलाम, राणी, राजा, एक्का. म्हणजे ती एकटी कुठंही सुखरूप नाही. स्वतःच्या बळावर ती क्वचित सुटते. भिडूच्या मोठ्या पानाखाली मात्र ती सुटते. पत्त्यांतलं सगळ्यांत मोलाचं पान दुसऱ्याच्या हवाली करायचं, तेही त्याच्या हातात काय आहे हे दिसत नसताना, ही गोष्ट माझ्या अंगवळणी पडायला तो सबंध पावसाळा गेला. हिशेबाच्या माणसाला हे जड जातं. वाहकाला दिवसभर एकच भान असतं, की आपली पेटी, आपली बॅग, आपली सही.

पण खरी अडचण त्याहून साधी होती. मला पानं लक्षात राहत नव्हती. कुठला रंग किती पडला, वर कोण उरलं, काही ठाव नसायचा. गुरुजी प्रत्येक हाताला क्षणभर डोळे मिटायचे आणि पुढचं पान टाकायचे, आणि मला वाटायचं की हे शिकलेल्या माणसाचं काम. मी तसं अण्णांना एका पहाटे बोलून दाखवलं. गाडीत तेव्हा उभी माणसं धरून सत्तरएक होती. अण्णांनी गिअर बदलला आणि मागे न बघता विचारलं, “आत्ता गाडीत किती हायत?”

“बहात्तर.”

“मागच्या थांब्याला?”

“सहा उतरली, अकरा चढली. दोन अर्धी तिकिटं.”

“बिगरतिकीट?”

“कोणी नाही.”

“मग तेरा पानं मोजता येत न्हाईत व्हय तुला?”

एवढंच. पुढच्या वळणाला त्यांनी हॉर्न दिला आणि विषय संपला. मी मात्र दिवसभर त्याच विचारात तिकिटं फाडली.

त्या काळी मशीन नव्हतं. पत्र्याच्या पेटीत निरनिराळ्या दरांच्या तिकिटांचे गठ्ठे लावलेले, हातात पंच. प्रत्येक टप्प्याला वेबिलवर तिकिटांचे नंबर चढवायचे, म्हणजे तपासणीवाले मध्येच गाडीत चढले तरी किती माणसं कुठून बसली हे कागदावरून कळलं पाहिजे. नवा वाहक गर्दीत चेहरे लक्षात ठेवायला जातो आणि चुकतो. अनुभवी वाहक चेहरे ठेवत नाही, तो फरक ठेवतो. इतके होते, इतके उतरले, इतके आले, इतके राहिले. मागचं सगळं पुसून टाकतो आणि एकच आकडा घेऊन पुढे जातो.

त्या रात्री मी तसं खेळून पाहिलं. बदाम ही एक गाडी, तेरा सिटांची. माझ्याकडे चार, म्हणजे बाहेर नऊ. बदाम उतरला, तिघांनीही बदामच टाकला. नऊतले तीन उतरले, राहिले सहा. पुन्हा बदाम. राहिले तीन. आता कोणाकडे तरी बदाम संपत आला असणार. अशा चार गाड्या एकदम चालवायच्या. पहिल्या रात्री मला फक्त बदामाची गाडी सांभाळता आली, बाकीच्या तीन कुठं गेल्या पत्ता नाही. आठवड्याने दोन. दिवाळीपर्यंत चार. सगळी पानं लक्षात ठेवायची गरज नाही हे तेव्हा कळलं. आकडा लक्षात ठेवायचा, आणि नावं फक्त वरच्यांची. दुर्री पडली का पंजी पडली याने काही अडत नाही. राजा अजून बसलाय का उतरला, हे पाहिजे.

गुरुजींना हा हिशेब फार आवडला. ते कोल्हापूरला शिकत असताना वसतिगृहात ब्रिज खेळलेले होते आणि गणित त्यांचा विषय. एका रात्री पाऊस असा होता की पन्हळीच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्यांनी पाटीवर आकडा लिहून दाखवला. बावन्नातून तेरा पानं तुमच्या हातात येण्याचे प्रकार किती? 63,501 कोटी 35 लाख 59 हजार 600. गिरणीवाले पाटीकडे बघत राहिले. म्हणजे आज आलेली पानं माझ्या हातात पुन्हा कधी येणारच नाहीत, असं ते म्हणाले. गुरुजी म्हणाले, जवळजवळ तसंच. त्यानंतर गिरणीवाले पानं उचलायच्या आधी हात पुसून घ्यायला लागले. मी हे पाहिलं आहे म्हणून लिहितो. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जो आदर वाटला तो अजून आहे.

मोजणं आलं, तरी भिडू वाचणं अजून आलं नव्हतं.

एसटीत चालक-वाहकांचं बोलणं बहुतेक आवाजानं चालतं. मध्ये पन्नास-साठ माणसं, इंजिनाचा आवाज. शब्द पोहोचत नाहीत. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की निघा. पण एकाच घंटीत फार काही असतं. सावकाश ओढलेली डबल बेल म्हणजे म्हातारं माणूस चढलंय, झटका देऊ नका. अण्णा माझ्या घंटीवरून पायरीवर कोणी लोंबकळतंय का हे ओळखायचे. मला ते वेगळं शिकवावं लागलं नव्हतं, त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. दरवर्षी 1 जूनला आगारात एसटीचा वर्धापनदिन व्हायचा, 1948 साली त्या दिवशी पुण्याहून नगरला निघालेल्या पहिल्या गाडीची आठवण निघायची, आणि दोन नावं घेतली जायची: चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. जोडीनंच. मला ते ऐकताना फार बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी आम्ही खाली येत होतो आणि वळणापुढे दरड आलेली. रस्ता अर्धा गेलेला, धुकं इतकं की बॉनेटपलीकडे दिसेना. गाडी वळवायला जागा नाही. मागे दोनेकशे फूट सरळ न्यायची, मग एका कच्च्या वाटेच्या तोंडाशी वळवायची. डाव्या बाजूला दरी. माणसं उतरवली. मी गाडीच्या मागे, डाव्या कोपऱ्याला उभा राहिलो. अण्णांना आरशात धुकं सोडून काही दिसत नव्हतं. मी “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत पत्र्यावर थाप मारायचो, आणि गाडी हातभर मागे यायची. थाप थांबली की गाडी थांबायची. वीसेक मिनिटं ते चाललं. एकदाही अण्णांनी काचेतून डोकं बाहेर काढलं नाही. मी नंतर कारण विचारलं, तर म्हणाले, “डोकं काढून काय दिसनार हुतं?”

त्याच दिवशी रात्री मी डावात खूण केली.

हे लिहिताना अजून जड जातं. गेल्या दोन रात्री आम्ही हरत होतो, दोन कोट बसले होते. इस्पिक हुकूम झाला होता, माझ्याकडे चौकटची मेंढी अडकलेली आणि ती बाहेर काढायला अण्णांनी चौकट उतरवणं भाग होतं. उतारी त्यांची. ते पानांवरून बोट फिरवत होते. मी खोकलो आणि चौकटीच्या शर्टाची बाही ओढली. गिरणीवाल्यांचं लक्ष नव्हतं. गुरुजींचं होतं की नाही, मला माहीत नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी बदाम उतरवला. आम्ही तो हात हरलो, मेंढी गेली, डाव गेला. त्यांनी पानं घोंगडीवर पालथी ठेवली आणि म्हणाले, आज पुरं.

गाडीत झोपायला गेल्यावर अंधारात ते बोलले. आवाज चढलेला नव्हता.

“सकाळी तुझ्या थापंवर मी दरीकडंनं गाडी मागं घेतली. आता तू पत्त्यात लबाडी करतुयास. उद्या खाली उतरून ‘येऊ द्या’ म्हनशील, तवा मी तुझं ऐकायचं का न्हाई, हे मला ठरवाय लावू नगंस.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी गुरुजींना आणि गिरणीवाल्यांना मी झालं ते सांगितलं. गिरणीवाले म्हणाले, असू द्या, पोरवय आहे. गुरुजींनी मात्र ते गंभीरपणे घेतलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते म्हणाले, ब्रिजच्या मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये तिरपा पडदा उभा करतात, आपला भिडू आपल्याला दिसतच नाही. 1975 साली बर्म्युडाला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा जागतिक स्तरावर हे पडदे पहिल्यांदा लावले. आणि त्याच स्पर्धेत एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका आला. मग टेबलाखालीही आडोसा आला. “एवढं सगळं उभारावं लागतं, मास्तर,” गुरुजी म्हणाले, “कारण हा खेळ मुळात समोरच्याला सांगण्याचाच आहे. सांगायचं पण पानानंच, आणि चौघांना दिसेल असं.”

चौघांना दिसेल असं, हे शब्द मला लागले. त्या दिवसापासून मी अण्णांची पानं बघायला लागलो. किती मोठं टाकलं यापेक्षा कुठल्या क्रमाने टाकलं हे. माझ्या लक्षात आलं की एखाद्या रंगाची दोनच पानं हातात असली तर ते मोठं आधी टाकतात, बारीक नंतर. तीन असली तर बारीकपासून वर जातात. त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, आम्ही ठरवलं नव्हतं. त्यांना ते स्वतःला तरी ठाऊक होतं का, मला शंका आहे. गुरुजींनाही ते दिसत असणारच. जे सगळ्यांपुढे उघडं आहे त्यात लबाडी नसते. बघायचे कष्ट ज्याने घेतले त्याला ते मिळतं.

एक डाव सांगतो. 1989 चा हिवाळा असावा, कारण ओसरीत शेकोटी होती. हुकूम इस्पिक. नऊ हात झालेले, चौघांकडे चार-चार पानं. त्यांच्याकडे दोन मेंढ्या, आमच्याकडे एक, हात चार आमचे, पाच त्यांचे. राहिली किलवरची मेंढी. ती गेली की डाव गेला. नववा हात मी घेतला होता, म्हणजे उतारी माझी. माझ्याकडे किलवरची राणी आणि चव्वी, शिवाय बदामची दोन बारीक, बिनकामाची पानं.

मी किलवरची गाडी मोजली. दोन वेळा किलवर उतरला होता, दोन्ही वेळा चौघांनी टाकला. आठ गेले. एक्का गेला, राजा गेला. माझ्याकडे दोन. बाहेर तीन: गुलाम, मेंढी आणि अठ्ठी. अण्णांनी पहिल्यांदा नव्वी टाकली होती, दुसऱ्यांदा पंजी. मोठं आधी, बारीक नंतर. म्हणजे अण्णांकडे किलवर संपला. तिन्ही पानं समोरच्या दोघांत.

हुकुमाची गाडी. बारा इस्पिक पडले होते, माझ्याकडे नव्हता. शेवटच्या खेपेला हुकूम उतरला तेव्हा गुरुजींनी आणि गिरणीवाल्यांनी दुसरी पानं टाकली होती. तेरावा इस्पिक अण्णांकडे. तिर्री.

मी राणी टाकली. माझ्यानंतर गिरणीवाले. त्यांनी गुलाम टाकला, आणि मला कळलं की मेंढीही तिथंच आहे, कारण माझ्या राणीखाली मेंढी द्यायला नको म्हणून त्यांनी गुलाम दिला. आता अण्णा. त्यांच्याकडे किलवर नाही, हुकूम आहे. ते थोडा वेळ थांबले. मी घोंगडीकडे बघत राहिलो. डोळे वर करायचे नाहीत हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी बदामचं एक पान टाकून दिलं. हुकूम ठेवला. गुरुजींची अठ्ठी पडली. राणीचा हात आमचा.

मग मी चव्वी उतरवली. किलवरची सगळ्यांत लहान उरलेली. गिरणीवाल्यांकडे किलवरचं एकच पान होतं आणि रंग लागतोय म्हटल्यावर ते टाकणं भाग. त्यांनी मेंढी हळूच ठेवली. अण्णांनी तिच्यावर इस्पिकची तिर्री ठेवली.

अण्णांकडे दोन पानं उरली होती, त्यांतली चौकटची अठ्ठी सगळ्यांच्या वरची होती. मेंढ्या दोन-दोन, हात सात आमचे, सहा त्यांचे. शेकोटीत कोणीतरी काटकी टाकली. गुरुजींनी चारही पानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही राणी आधी का काढली?” मी सांगितलं: चव्वी आधी काढली असती तर गिरणीवाल्यांनी तिच्यावर गुलाम टाकला असता, अण्णांचा हुकूम त्या गुलामावर खर्च झाला असता, आणि मेंढी पुढे कोणाच्या हाती लागली असती कोण जाणे. पण हे माझं अर्धंच होतं. राणीवर अण्णांनी घाईने हुकूम मारला असता तर माझा सगळा हिशेब वाया होता. त्यांना माझ्या हातातली चव्वी दिसत नव्हती. मी राणी काढतोय म्हणजे मागे काहीतरी आहे, एवढं त्यांनी धरलं आणि थांबले.

झोपताना अण्णा एवढंच म्हणाले, “मोजाय लागलास.”

पुढच्या वर्षी शेड्यूल बदललं आणि आमची जोडी सुटली. मी पुष्कळ चालकांबरोबर गाडी केली, पुष्कळ मुक्काम केले, बऱ्याच ठिकाणी मेंढीकोट खेळलो. काही चांगले भिडू मिळाले. पेटी गेली, पंच गेला, मशीन आलं, आता आकडा डोक्यात ठेवायची गरज उरली नाही. मी ठेवायचोच. नव्या वाहकांना मी सांगून पाहिलं की माणसं मोजत जा, मशीनवर सगळं सोडू नका, काहींनी ऐकलं.

2018 च्या सप्टेंबरमध्ये विश्रांतिगृहात कोणीतरी मोबाईलवर बातमी दाखवली. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष जोडीत भारताला सुवर्णपदक. प्रणब बर्धन वय 60, शिवनाथ सरकार वय 56. पोरं म्हणाली, पत्त्यांना पदक? मला मात्र त्या दोघांचा फोटो बघून गलबलून आलं. मी स्वतः चोपन्न वर्षांचा होतो. तेरा-तेरा पानं, समोर भिडू, आणि एवढ्या वर्षांची एकमेकांची ओळख. येत्या सुट्टीला अण्णांकडे जायचं मी तिथंच ठरवलं.

अण्णा निवृत्त होऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती. डोळ्यांनी कमी दिसायला लागलेलं. पानं डोळ्यांशी धरून ते लावायचे, पण घोंगडीवर पडलेलं पान त्यांना दिसत नसे, म्हणून त्यांच्या घरात रिवाज पडला होता की पान टाकताना नाव घ्यायचं. “बदाम सत्ती.” “चौकट गुलाम.” ते डोळे मिटून ऐकायचे. कुठली गाडी किती भरलीय, किती उतरलीय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

त्या दिवशी ते आणि त्यांचा मुलगा एका बाजूला, मी आणि त्यांची नात दुसऱ्या. नात बारा वर्षांची, मेंढीकोट नुकताच शिकलेली, पानं दोन्ही हातांत गच्च धरून बसलेली. पहिल्याच डावाला मी “किलवर एक्का” म्हणून पान टाकलं. मुलाने “किलवर पंजी” म्हटलं. नात विचारात पडली. एका पानावर बोट गेलं, परत आलं. मग ती म्हणाली, “किलवर तिर्री.”

अण्णांनी डोळे उघडले. त्यांच्या विरुद्ध जोडीची ती, त्यांना काही बोलायचं कारण नव्हतं. डाव संपेपर्यंत ते थांबले. किलवरची मेंढी त्यांच्याच घरात आली, आम्ही हरलो. तेव्हा ते नातीकडे वळले.

“पोरी, मास्तरांनी एक्का कशाला टाकला?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी पानं गोळा केली आणि पिसायला घेतली.